गळतीची वेळ

मुख्याध्यापकाच्या आयुष्यात 'गळती' हा शब्द दोन निमित्तांनी येतो. मृगाचा पाऊस लागला की कौलांची गळती, आणि शाळा सुरू होऊन पट तयार झाला की विद्यार्थ्यांची गळती. पहिलीसाठी बादल्या मांडाव्या लागतात, दुसरीसाठी खात्याचे तक्ते भरावे लागतात. तीस वर्षांच्या नोकरीत दोन्ही अंगवळणी पडल्या आहेत. गेल्या वर्षी मात्र भाद्रपदात एक तिसरी गळती माझ्या दारात येऊन उभी राहिली. ती पेट्रोलची होती, आणि आमच्या घरच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीची होती.

या मोटारीची थोडी कुळकथा सांगायला हवी. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. फियाट कंपनीची अकराशे नंबरची गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली आणि पुढे १९७०च्या दशकात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सीसीचे, आवाज मध्यम, अंगकाठी मजबूत. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्या देशाला ठाऊक झाली. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले.

आमची गाडी १९८६ची. वडील खानापूर तालुक्यात दवाखाना चालवीत. १९९१ साली त्यांनी ती वापरलेली घेतली आणि त्यानंतर सतरा-अठरा वर्षे जांबोटी, कणकुंबी, नंदगड अशा वाटांवर ती रात्री-अपरात्री धावली. तिच्या मागच्या सीटवर अडलेल्या किती बायका बेळगावच्या इस्पितळापर्यंत पोचल्या, याचा हिशेब आईच्या तोंडी आहे. वडील २००९ साली गेले. दवाखाना बंद झाला, औषधांची कपाटे वाटून टाकली, गाडी तेवढी राहिली. पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. ती मी करून घेत आलो. भावना एका बाजूला ठेवल्या, तरी गाडी चालत होती आणि माझ्या उपयोगाची होती.

आता गळतीकडे वळतो. कौलाची गळती प्रामाणिक असते. थेंब पडतो, डाग उरतो, खाली भांडे ठेवता येते. पेट्रोल थेंब टाकते आणि उडून जाते. सकाळी पाहावे तर फरशी कोरडी. मागे राहतो तो फक्त वास. तो प्रथम आईला आला. बयाऐंशी वर्षांची बाई, गुडघे गेलेले, पण नाक शाबूत. ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाली, "अरे, स्टोव्ह भडकायच्या आधी असाच वास सुटायचा."

हे वाक्य मला हसण्यावारी नेता आले नाही. पेट्रोल ही फार चपळ वस्तू आहे. हाडे गोठवणाऱ्या थंडीतही, पार उणे चाळीस अंशांच्या आसपास, तिची पेट घेण्याजोगी वाफ तयार होत असते. मग आपल्या बेळगावच्या हवेची काय कथा! शिवाय ती वाफ हवेच्या तीन-चार पट जड. धुरासारखी वर न जाता ती जमिनीलगत सरपटत जाते आणि सखल जागी साचते. आमची गाडी जिथे उभी असते, तिथून तुळशीवृंदावन आठ-दहा फुटांवर. मध्ये अंगणाला बारीक उतार, आणि तो नेमका तुळशीकडे. तिन्हीसांजेला आई तिथे निरांजन लावते. हा नियम माझ्या जन्माआधीपासूनचा आहे.

मी म्हटले, "आई, गाडीचं काम होईपर्यंत तुळशीपुढं दिवा लावू नकोस."

"दिवा का म्हणून राहील?" ती म्हणाली. "गळतंय कुणाचं? गाडीचं. मग तिला बाहेर काढ."

यावर कुठल्याही विद्यापीठाच्या एम.ए.पाशी उत्तर नाही. गाडी सुरू न करता आम्ही चौघांनी ढकलत समोरच्या मोकळ्या जागेत नेली, बॅटरीची ऋण वायर सोडून ठेवली आणि शेजारी वाळूची बादली ठेवली. त्या संध्याकाळी दिवा नेहमीच्या वेळी लागला.

गळतीचे निदान करायला माणसे आपण होऊन जमली. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, टाकीला गंज लागून भोक पडले असणार, वर अंगाचा साबण चोळा. हा उपाय अगदीच टाकाऊ नव्हे. साबण पेट्रोलात विरघळत नाही, त्यामुळे टाकीच्या बारीक छिद्रावर तो दाबून बसवला तर गाव गाठेपर्यंत तग धरतो. पूर्वीचे ड्रायव्हर हे करीत असत. आमच्या विज्ञानशिक्षकांचा संशय कार्ब्युरेटरवर होता. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, ती गाडी देऊन टाका." प्रत्येकाने गळती कुठे आहे ते सांगितले. गाडीखाली वाकून मात्र कोणी पाहिले नाही.

शहापुरात आमच्या वडिलांच्या वेळचे एक मेस्त्री आहेत. वय साठीपुढचे, शिक्षण कन्नड सातवी. माझ्याशी मराठी बोलतात, हाताखालच्या पोऱ्याशी कन्नड आणि सुट्या भागांच्या दुकानदाराशी उर्दू. आमच्या या भागात असा माणूस विरळा नाही, पण तिन्ही भाषांत कमी बोलणारा विरळा. मी गॅरेजात जाऊन सगळे सांगितले आणि विचारले, "मेस्त्री, कुठनं गळत असेल?"

"कुठनं ते शेवटाला बघूया की सर," ते हात पुसत म्हणाले. "कवा गळतंय ते सांगा आधी."

"कवा म्हणजे?"

"उभी असताना, का इंजिन चालू असताना? बंद केल्याकेल्या, का रात्रभरानं? टाकी भरल्यावर, का कवाबी? थेंब पडतोय तिथं भोक नसतंय सर. पेट्रोल नळीवरनं सरकत येतंय आणि उतार संपला की तिथं पडतंय."

मी मराठीचा शिक्षक. स्थलवाचक आणि कालवाचक क्रियाविशेषणे जन्मभर शिकवली. त्यांपैकी कालवाचकाने एवढे काम होते, हे त्या दिवशी गॅरेजात कळले.

मेस्त्रींनी जमिनीवरच्या धुळीत बोटाने नकाशा काढला. जुन्या मोटारीत पेट्रोलच्या वाटेचे तीन टप्पे असतात. पहिला, मागच्या टाकीपासून इंजिनाला जोडलेल्या पंपापर्यंत. इथे पंप पेट्रोल ओढून घेतो. म्हणून या टप्प्यातली नळी तडकली, तर गाडी चालताना थेंब न पडता उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. घाट चढताना इंजिन आचके देते, आणि गळायचेच असले तर उभ्या गाडीतून, टाकीतली पातळी वर असताना गळते. दुसरा टप्पा, पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत. इथे पंप पेट्रोल ढकलतो. त्यामुळे इथली गळती इंजिन चालू असतानाच दिसते. तिसरा, खुद्द कार्ब्युरेटर. त्याच्या वाटीत एक फ्लोट तरंगतो आणि वाटी भरली की सुईने तोंड बंद करतो. सुईखाली कचरा अडकला की वाटी ओसंडते, आणि इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ ओलसरपणा राहतो.

म्हणजे 'केव्हा' हे कळले की तीनांतले दोन टप्पे न खोलताच निर्दोष ठरतात. आम्ही शिक्षक वर्गात गोंधळ झाला की उलट करतो. सगळ्यांना उभे करतो आणि मग गुन्हेगार शोधतो.

मेस्त्रींनी मला तीन रात्रींचे काम दिले. टाकी पाऊण भरलेली. गाडीखाली समोरपासून मागपर्यंत वर्तमानपत्राचे कागद पसरायचे, कडांवर दगड ठेवायचे, आणि पहाटे उजाडताच पाहायचे. पेट्रोल उडून गेले तरी कागदावर कडा उमटते. मी एक वही केली. तारीख, पातळी, गाडीचा उतार, कागदाची स्थिती. तिन्ही पहाटे कागद कोरडे. पोस्टमास्तरांची टाकी सुटली, आणि तिच्यापासून पंपापर्यंतची नळीही बहुतेक सुटली.

रविवारी मेस्त्री आले. येताना आग विझवायचे नळकांडे घेऊनच आले. विडीचा नाद असलेला माणूस, पण विडीबंडल आणि काडेपेटी गॅरेजात ठेवून आला होता. बॉनेट उघडून आधी पंप, नळ्या, कार्ब्युरेटर सगळे फडक्याने कोरडे पुसले. मग मला म्हणाले, "सर, तुमच्याकडं खडू असेल की." खडू कुटून त्याची पाण्यात पातळ लापशी केली आणि ब्रशने प्रत्येक जोडावर तिचा हात दिला. वाळल्यावर इंजिन पांढऱ्या पट्ट्यांनी नटल्यासारखे दिसू लागले. वाळलेला खडू ओला झाला की लगेच काळवंडतो, म्हणून जिथे पेट्रोल पाझरेल तिथे तो बोट दाखवतो.

बॅटरी जोडली, इंजिन सुरू केले. कार्ब्युरेटर पांढरा. नळी पांढरी. चार-पाच मिनिटे गेली आणि पंपाच्या पोटाखाली जे एक बारीक छिद्र असते, त्याच्या कडेचा खडू काळा पडला. तिथून थेंब धरला, तो पंपाच्या अंगावरून घसरला आणि वीतभर अंतरावर खाली पडला. धुराच्या तापलेल्या नळीपासून ती जागा फार लांब नव्हती. मेस्त्रींनी लगेच इंजिन बंद केले.

त्यानंतर त्यांनी केलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. त्यांनी इंजिनातल्या तेलाची पट्टी उपसून काढली. तेल वरच्या खुणेच्याही वर होते. बोटावर घेऊन त्यांनी ते चोळले, हुंगले आणि माझ्यापुढे धरले. पाण्यासारखे पातळ, आणि त्याला पेट्रोलचा वास.

"तेल कमी झालेलं सगळ्यांना कळतंय सर," ते म्हणाले. "वाढलेलं कोण बघत नाही."

पंपाच्या आत कापडावर रबर चढवलेला एक पडदा असतो. त्याला डायफ्रॅम म्हणतात. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा फिरता फिरता एका दांडीला ढकलतो, दांडी पडद्याला ओढते, आणि पडदा काळजाप्रमाणे वरखाली होत पेट्रोल पुढे पाठवतो. हा पडदा चिरला की थोडे पेट्रोल छिद्रातून बाहेर येते आणि बाकीचे दांडीच्या वाटेने इंजिनाच्या पोटात उतरून तेलात मिसळते. बाहेरच्या थेंबाने आग लागण्याचे भय, आणि आतल्या मिसळीने तेलाचा चिकटपणा जाऊन बेअरिंगे झिजण्याचे भय. बाहेरची गळती वासाने हाक तरी मारते. आतली गळती भरभराटीचे सोंग घेते.

दुरुस्ती पुढच्या रविवारी झाली. तीत घाई नव्हती, हे तिचे वैशिष्ट्य. इंजिन पूर्ण थंड, बॅटरी सोडलेली. टाकीकडून येणारी नळी पंपापासून काढताक्षणी तिचे तोंड एका बोल्टने बंद केले, नाहीतर टाकी आपोआप रिकामी होऊ लागते. पंप उतरवून त्याचे दोन भाग अलग करण्याआधी मेस्त्रींनी दोन्हींवरून कानशीची एक आडवी रेघ ओढली. परत जोडताना रेघेला रेघ मिळाली पाहिजे. जुना पडदा हातात आला तो पापडासारखा कडक. उजेडाकडे धरल्यावर केसाएवढी चीर दिसली. नवा पडदा, नव्या झडपा, नवे पॅकिंग. स्क्रू एका ओळीत न आवळता समोरासमोरचे आवळायचे, म्हणजे पडद्याला सुरकुती पडत नाही. एका जोडनटाचे आटे गेले होते. तो नमुना घेऊन पोऱ्या उद्यमबागेत गेला आणि लेथवर पितळेचा नवा नट करून घेऊन आला. ज्या गावात लेथ आहेत, त्या गावात जुनी मोटार सहसा अनाथ होत नाही. शेवटी जुने तेल आणि त्याचा फिल्टर बदलला, कारण पेट्रोल मिसळलेले तेल ठेवून नवा पंप बसवणे म्हणजे रोग्याला औषध देऊन शिळे अन्न वाढण्यासारखे.

पुन्हा खडू, पुन्हा इंजिन. पंप कोरडा राहिला. आम्ही हसलो. आणि त्याच वेळी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, रबरी नळीवर जिथे क्लॅम्प आवळला होता, तिथला खडू हळूहळू काळवंडू लागला.

मेस्त्रींना याचे नवल वाटले नाही. फाटका पंप ढकलणार तरी किती? तोवर या नळीला जोरच लागत नव्हता. पंप सुधारला, दाब पूर्ण आला, आणि क्लॅम्पखाली दडलेली जुनी तड बोलू लागली. एक गळती दुसरीला झाकून ठेवते. म्हणून दुरुस्तीनंतरची तपासणी हा दुरुस्तीचाच भाग असतो. ती करून मगच पाने आवरायचे.

नळी बदलताना तिची जात पाहावी लागली. देशातल्या पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण २०२२ साली दहा टक्क्यांवर पोचले आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, आणि जुन्या काळच्या काही रबरांना ते मानवत नाही. कुठे रबर फुगते, कुठे मऊ पडते, कुठे तडकते. १९८६ साली ही गाडी घडवणाऱ्यांनी वीस टक्क्यांचा विचार करण्याचे कारण नव्हते. आम्ही इथेनॉल सोसणारी नळी मागवली आणि टाकीपाशीचा रबरी तुकडाही त्याच जातीचा बदलून टाकला. मेस्त्रींच्या मते अर्धा दोष वयाचा आणि अर्धा उसाचा. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची वाण नाही, आणि इथेनॉलचा मोठा वाटा उसाच्या मळीतून व रसातून येतो. "आपल्याच शेतातला ऊस आपल्या गाडीत आलाय सर," ते म्हणाले.

खर्चाचा आकडा सांगितला तर गाडी 'देऊन टाका' म्हणणाऱ्यांना वाईट वाटेल, इतका तो लहान होता. गाडी परत आपल्या जागी आली. आईने दोन दिवस ओट्यावर बसून हवा हुंगली आणि तिसऱ्या दिवशी तो विषय सोडून दिला. तिच्याकडून यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मिळत नाही.

ती वही मात्र माझ्या टेबलावर राहिली. अर्धी कोरी होती. शाळेतल्या गळतीचा तक्ता भरताना तिच्याकडे लक्ष गेले. या तक्त्यात 'कुठून' याला रकाने आहेत. कोणत्या इयत्तेतून, कोणत्या गावातून, मुलगा की मुलगी. 'केव्हा' याला एकच उत्तर गृहीत असते: जून. कारण नाव पटावरून उतरते ते जूनमध्ये. मी मागच्या तीन वर्षांच्या हजेऱ्या काढल्या आणि गळालेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे तो सलग गैरहजर राहू लागला तो पहिला आठवडा लिहिला. निम्म्याहून अधिक नावांपुढे एकच काळ आला. आमच्याकडे दसऱ्याची सुटी मोठी असते. ती संपते, भाताची सुगी येते, सुगीला लागून कारखान्यांचा हंगाम येतो. आई-वडील उसाच्या फडावर, मोठे मूल घरी लहानग्याला सांभाळायला. दोन महिने असे जातात. तोवर बीजगणित पुढे गेलेले असते, आणि मागे पडलेल्या मुलाला वर्गाचे दार जड होते. मार्चची परीक्षा चुकते, जूनमध्ये नाव कापले जाते. थेंब जूनमध्ये पडतो, नळी सुगीतच तडकलेली असते.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही शिक्षकांनी ठरवले की जूनची वाट पाहायची नाही. सलग तिसऱ्या गैरहजेरीला घरी जायचे. लांबच्या वाड्यांवर माझी पद्मिनी जाऊ लागली. कित्येक घरांत मुलांपेक्षा म्हातारी माणसे आधी पुढे झाली, कारण त्यांनी गाडी ओळखली. "डॉक्टरांची गाडी न्हवं ही?" म्हणत पाणी दिले. काही मुले परत आली, काही आली नाहीत. नववीतली एक मुलगी दोन वर्षांच्या भावाला सोडून येऊ शकत नव्हती. तिला दुपारनंतर दोन तास, भावासकट यायला सांगितले. गणिताचे शिक्षक शिकवत आणि भाऊ फळ्याखाली बसून खडू खात असे. या जूनमध्ये तिचे नाव दहावीच्या पटावर आहे.

यंदाची भातकापणी सुरू झाली आहे. गाडीच्या डिकीत आता आग विझवायचे नळकांडे, वाळूची पिशवी आणि खडूंची एक पेटी कायमची असते. दर रविवारी तेलाची पट्टी उपसून पाहतो आणि दर सोमवारी हजेऱ्या पाहतो. नोंदी एकाच वहीत होतात, गाडीच्या पुढून आणि मुलांच्या मागून. मधली कोरी पाने आता थोडीच उरली आहेत.